उतारावर लावलेला ट्रॅक्टर

मधलीच्या काळजीचं आईच्या मनात एक ठरलेलं चित्र होतं, आणि ते काही केल्या पुसलं जात नव्हतं. पहाटेचा अंधार. मधली ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकापुढे वाकून उभी आहे. एका हातात डिझेलमध्ये बुडवून पेटवलेला चिंध्यांचा बोळा, दुसऱ्या हातात लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. नाकातोंडातून वाफ निघते आहे. ती स्क्रूड्रायव्हर स्टार्टरच्या दोन बोल्टांवर आडवा टेकवते, ठिणगी उडते आणि… या ‘आणि’पाशी आली की आई उठायची आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घ्यायची.

हिवाळा लागला की तिचे कान मागच्या दाराला चिकटलेले असायचे. स्वयंपाकघरातून ट्रॅक्टर दिसत नसे, नुसता ऐकू येई. आधी फाटक कुरकुरे. मग बादली खाली ठेवल्याचा आवाज. थंडीत आतलं पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून ते रोज संध्याकाळी काढून टाकावं लागे, आणि पहाटे मधली चुलीवर तापवलेलं पाणी बादलीने नेऊन पुन्हा भरी. मग बराच वेळ काहीच नाही. मग स्टार्टरची घरघर, घसा खरवडल्यासारखी. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेवटी इंजिनाचा पहिला ठोका, मग दुसरा, आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की आईचा जीव भांड्यात पडे.

मधली म्हणजे तीन बहिणींतली मधली. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगलं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. थोरली हुशार, धाकटी लाडकी, आणि हिच्या वाट्याला थोरलीचे कपडे आणि धाकटीची कामं. तिने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. कॉमर्स घेऊन शिकली, शहरात एका कचेरीत चिकटली, काचेच्या खिडकीमागे बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणायचं काम करायची. ते तिला अजिबात जमत नसे, कारण तिला लोकांची कामं आजच करून टाकायची खोड होती.

मग बाबांना झटका आला. तोंड जरासं वाकडं झालं आणि डावा हात लुळा पडला. मधली आठ दिवसांची रजा टाकून आली ती परत गेलीच नाही. आसपासच्या घरांचं दूध केंद्रावर पोचवायचं काम या घराच्या ट्रॅक्टरवर होतं, आणि दूध काही कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. पहिल्याच दिवशी तिने कॅन ट्रॉलीत चढवले आणि केंद्राच्या फाटकात ट्रॅक्टर असा वळवला की पहारेकरी शिट्टी वाजवायचं विसरला. पुढे केंद्रानेच तिला दूध तपासायच्या टेबलावर नोकरी दिली. पहाटे दूध न्यायचं, दिवसभर तिथेच काम करायचं.

आईला हे आवडलं असं नाही. तिने मुलींना शिकवलं होतं ते काचेच्या खिडकीमागे बसण्यासाठीच. एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. मुलाची मावशी म्हणाली, “मुलीला गाडी चालवता येते हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं.” मग त्यांनी गाडी बघितली. स्थळ पुन्हा आलं नाही. मधली त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. आई हसली नाही. तिला तेव्हाही वाटलं होतं, ही पोरगी स्वतःला कुठेतरी कमी धरते, म्हणून स्वतःच्या जिवालाही कमीच जपते.

ट्रॅक्टर बाबांच्या उमेदीच्या काळातला. त्याला घरात ‘म्हातारा’ म्हणत, आणि बाबांना राग आला की मधली म्हणे, “कोणत्या म्हाताऱ्याबद्दल बोलतेय ते तरी विचारा.” त्याचा हँडब्रेक केव्हाच गेला होता. म्हणून बाबा तो घरामागच्या उतारावर, पत्र्याखाली, तोंड खाली करून लावत आणि गिअरमध्ये टाकून ठेवत. गिअरमध्ये असला की इंजिन चाकांना धरून ठेवतं. वर एक दगड चाकाला लावायचा, पण तो मनाच्या समाधानासाठी. सकाळी दगड काढायचा, वर चढून क्लच दाबायचा, ट्रॅक्टर उतारावरून सुटला की क्लच सोडायचा. आपल्याच वजनाने इंजिन फिरे आणि सुरू होई. बॅटरी असो नसो, बाबांचं कधी अडलं नाही.

पण ऐन थंडीत ते जमेनासं झालं. तेल घट्ट होई, इंजिन फिरायला तयार नसे, चाकं दवावरून नुसती घसरत आणि उतार संपून जाई. मधलीने दुसऱ्याच्या मोडीतल्या ट्रॅक्टरचा स्टार्टर आणून बसवला. किल्लीच्या वाटेने त्याला पुरेसा करंट मिळेना, वायरी जुन्या होत्या. म्हणून मग खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने थेट जोडायची युक्ती. त्याच वेळी हवेच्या नळीच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा, म्हणजे आत गरम हवा जाते. पूर्वी या कामाला दोन माणसं असत, एक वर क्लचवर, एक खाली बोळा घेऊन. आता डॉक्टरांनी बाबांना पहाटेच्या थंडीत बाहेर पडायला बंदी केली होती. आईच्या गुडघ्यांना ट्रॅक्टरची पायरी झेपत असली तरी क्लच दाबला जात नव्हता. दोन माणसांचं काम मधली एकटी करी.

बाबांकडे उरलं होतं ते एवढंच: संध्याकाळी पायी केंद्रावर जायचं आणि रिकामे कॅन घेऊन ट्रॅक्टर घरी आणायचा. मधली टेबलावरचं काम आवरून, सकाळी ट्रॉलीत टाकून नेलेल्या सायकलने मागून येई. आई म्हणे, “अहो, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय.”

“जायचं चालत सांगितलंय,” बाबा म्हणत. “यायचं कसं ते नाही सांगितलं.”

ट्रॅक्टर उतारावर लावून, पाणी काढून, दगड लावून बाबा आत येत, तेव्हा त्यांच्या वाकड्या तोंडावरसुद्धा एक जुना तोरा असे. किल्ली खिशातच असे. ती किल्ली आता कशालाच लागत नव्हती, पण घरात पाऊल टाकताना खिशावर हात ठेवून ती असल्याची खात्री करायची सवय त्यांची सुटली नव्हती.

ज्या दिवशी बादली चेपली, त्या पहाटे आईने नेहमीचे आवाज ऐकले. फाटक, बादली, घरघर. इंजिनाचा ठोका पडला, आणि तो एकदम दाबला गेल्यासारखा विझला. मग काहीच नाही. आई मागच्या दाराशी पोचली तेव्हा पुन्हा घरघर झाली आणि इंजिन नीट सुरू झालं. मधली ट्रॅक्टर घेऊन निघूनही गेली. पण उजाडल्यावर आई मागे गेली, तर उताराच्या पायथ्याच्या मातीच्या ढिगात ट्रॅक्टरचं नाक घुसल्याची खूण होती, आणि वाटेत बादली पडली होती. ताटासारखी सपाट. तिच्यावर मोठ्या चाकाची नक्षी उमटली होती.

दुपारी सायकलने जेवायला आलेल्या मधलीला तिने विचारलं, “बादलीला काय झालं?”

“टेम्पोखाली आली.”

“आपल्या मागच्या आवारात टेम्पो कधी शिरला?”

“आई, ही चौकशी आहे की तोंडी परीक्षा?”

“जे असेल ते. उत्तर दे.”

मधलीने हातातला घास खाली ठेवला. “विसरले,” ती म्हणाली. “बाबा गिअरमध्ये लावतात, ते बरोबरच आहे, नाहीतर तो रात्रीतून खाली जाईल. मी आधी वर चढते, गिअरचा दांडा न्यूट्रलला घेते, म्हणजे चाकं इंजिनापासून सुटी होतात, मग खाली येऊन चालू करते. आज बोटं इतकी बधिरली होती, वर चढायचं राहूनच गेलं. लागला आणि दगडावरून चढून निघाला. बोळा धरायला पुढे झुकले होते म्हणून चाक मागून गेलं.” मग तिने आईच्या ताटात नसलेली कोशिंबीर वाढावी तसा हात हलवला. “नाही झालं ना काही. जेव.”

“बाबांना सांगते मी.”

“बाबांना सांगितलंस तर ते त्या ट्रॅक्टरला पुन्हा हात लावणार नाहीत. मग काय करतील दिवसभर? खिडकीत बसतील?” मधलीचा आवाज खाली आला. “माझी चूक आहे. त्यांची नाही. शब्द दे.”

आईने शब्द दिला. तो दिला तेव्हाच तिला कळलं होतं की आपण तो एका अंगाने पाळणार आणि दुसऱ्या अंगाने मोडणार.

कारण वर चढायचं एकदा राहतं ते पुन्हाही राहू शकतं. मधली गेल्या वर्षी गॅस चालू ठेवून गेली होती. चप्पल एकीची एक आणि दुसरीची दुसरी घालून केंद्रावर गेली होती. संध्याकाळ झाली. बाबा ट्रॅक्टर लावून आत आले, हातपाय धुऊन बातम्या ऐकायला बसले. आई राख टाकायच्या निमित्ताने मागे गेली. गुडघे धरत ट्रॅक्टरवर चढली. मधली दांडा कसा हलवून बघते ते तिने पाहिलं होतं. सैल लटलट करायला लागला की न्यूट्रल. तिने दोन्ही हातांनी ओढला. बराच वेळ हलेना, मग एकदम सुटला आणि लटलटला. ट्रॅक्टर जरासा पुढे सरकून दगडाला टेकला आणि थांबला. दगड चांगला दांडगा होता. आईला वाटलं, हा एवढा दगड आहे, मग भीती कसली? मधली वर चढो न चढो, आता चाक फिरायचं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी राख टाकायला ती मागे जाऊ लागली. पहाटे घरघर ऐकताना ती आता धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेत नव्हती. मधलीला दांडा आधीच न्यूट्रलला सापडत असणार. पण तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. कदाचित अंधारात घाईघाईने हलवताना तिला ते जाणवतही नसेल. आई मनाशी म्हणाली, झाकली मूठ आहे, झाकलेलीच बरी.

दगड पाच-दहा मिनिटांपुरता ठीक असतो, रात्रभर नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती विचारणार तरी कुणाला?

मग एका रात्री जमीन कडक गोठली. पहाटे मधलीने फाटक उघडलं आणि घरघर झालीच नाही. तिची हाक आली. आई धावली, बाबाही अंगावर घोंगडी ओढून निघाले, त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही. ट्रॅक्टर उतार सोडून खाली, मातीच्या ढिगाला बगल देऊन, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला भिडला होता. एक दिवा फुटला होता, भिंतीला उभी भेग गेली होती. दगड गोठलेल्या जमिनीवरून घसरत त्याच्याबरोबर थेट खालपर्यंत आला होता.

मधली वर चढली, दांडा हलवला. लटलटला.

“गिअरमध्ये टाकला होता मी,” बाबा म्हणाले.

मधलीने दांडा पुन्हा एकदा हलवून बघितला.

“टाकला होता. मला आठवतंय.” त्यांनी उजवा हात हवेत धरला आणि दांडा ओढल्यासारखा केला. “असा. दाबून. मग आवाज येतो ना, कट्‌ असा.”

एरवी बापलेकीचं भांडण सगळ्या आळीला ऐकू जायचं. बाबा डिझेल सांडतात म्हणून ती ओरडे, ती क्लच जाळते म्हणून ते ओरडत. आज मधली खाली उतरली, त्यांची घोंगडी नीट केली आणि मऊ आवाजात म्हणाली, “असू दे बाबा. होतं असं. आत चला, थंडी आहे.”

तो मऊ आवाज बाबांना लागला. आईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, वाकडी बाजू आणि सरळ बाजू दोन्ही सारखीच खाली आली होती. तिच्या जिभेवर शब्द आले होते. ते सांगायचे तर आधी बादली सांगावी लागणार होती. बादली न सांगण्याचा शब्द तिने दिला होता. ती घोंगडीचं दुसरं टोक धरून त्यांच्याबरोबर आत आली.

त्याच दिवशी बाबांनी खिशातली किल्ली काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. “मधलीला सांग, संध्याकाळी तूच आणत जा. माझा हात साथ देत नाही.” हाताचं नाव घेतलं, डोक्याचं घेतलं नाही.

आईला त्या क्षणी जे वाटलं ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. तिला हायसं वाटलं. आता लावणारीही मधली आणि चालू करणारीही मधली. आपण गिअरमध्ये टाकलाय हे जिच्या हाताने टाकला तिला आठवणारच. त्या आठवड्यात आईला झोप लागली. पहाटे काचा थरथरल्या तरी कूस बदलून ती पडून राहिली.

आणि बाबा खिडकीत बसायला लागले.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. “मी गोळी घेतली का?” घेतलेली असे. “दाराला कडी घातली मी?” घातलेली असे, तरी उठून बघून येत, आणि बसल्यावर पुन्हा उठत. चहात साखर घातली की नाही म्हणून ते घोट घ्यायच्या आधी तिच्याकडे पाहत. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला रस्ता विचारला नाही, तो आता घरातल्या घरात वाट विचारत होता. विसरत काहीच नव्हते. पण आपण विसरतो, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं, आणि त्या धाकाने खरंच एक-दोन गोष्टी हातून सुटायला लागल्या होत्या. एकदा दूध उतू गेलं, तर ते ओट्यापुढे गुन्हेगारासारखे उभे राहिले.

मधली म्हणाली, “डॉक्टरांना दाखवू या.” शहरातल्या थोरलीने दवाखान्यात नंबर लावला.

जायच्या दिवशी बाबा सकाळी लवकर तयार झाले. आई डबा घेऊन खोलीच्या दाराशी आली, तर ते आरशापुढे उभे राहून पुटपुटत होते. वार कोणता. महिना कोणता. मग तिन्ही मुलींचे वाढदिवस, थोरलीचा, मधलीचा, धाकटीचा. पुन्हा पहिल्यापासून. मधलीच्या वर्षापाशी अडखळले आणि बोटांवर मोजायला लागले. त्यांना आई दिसली तेव्हा ते ओशाळून हसले. “तिथे विचारतात म्हणे. गेल्या वेळी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारत होते. तयारी असलेली बरी.”

“होईल सगळं नीट,” आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मधलीने त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून बसपर्यंत सोडलं. ते पुढे, मडगार्डवर बसले नाहीत. कॅनच्या मध्ये, दांड्याकडे पाठ करून बसले.

दुपारी थोरलीचा निरोप आला. पोचलो, अजून दोघं पुढे आहेत, मग आपला नंबर.

आई स्वयंपाकघरात उभी होती. खिळ्याला किल्ली लटकत होती. बाहेर आभाळ निरभ्र होतं, म्हणजे रात्री पुन्हा गारठा पडणार, म्हणजे उद्या पहाटे मधली पुन्हा त्या चाकापुढे उभी राहणार. आज गप्प बसलं तर निदान एक गोष्ट पक्की होती, तिच्याआधी त्या दांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नव्हता. बोललं तर बाबांना त्यांचं डोकं परत मिळेल. पण त्याच्याबरोबर ती बादलीही मिळेल, चाकाच्या नक्षीसकट. आपण रीतसर, बरोबर लावलेल्या ट्रॅक्टरखाली आपली पोर गेली असती, हे त्यांना घेऊन जगावं लागेल. किंवा ते उद्याच खिळ्यावरची किल्ली खिशात टाकतील आणि संध्याकाळी केंद्राकडे चालायला लागतील, आणि तिचा घोर पुन्हा पहिल्या जागी येऊन बसेल. आणि मधली म्हणेल, आई, तू शब्द दिला होतास.

तिने पातेलं धुवायला घेतलं. ते स्वच्छच होतं. तिने ते तसंच खाली ठेवलं.

तिच्या डोळ्यांपुढे आज चाक येत नव्हतं. येत होता तो आरसा, आणि मधलीचं वर्ष बोटांवर मोजणारा माणूस. मधली जन्मली तेव्हा हाच माणूस याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरून तिला आणि पोरीला घरी घेऊन आला होता, सबंध वाटभर पहिल्या गिअरमध्ये, धक्का बसू नये म्हणून. मागून येणाऱ्या गाड्या शिव्या देत होत्या. ते वर्ष तो विसरणं शक्य नव्हतं. त्याला विसरायला तिने लावलं होतं.

थोरलीला फोन करून काही उपयोग नव्हता. ती म्हणाली असती, आई, आता नंबर आलाय, नंतर बोलू. आईने ओले हात पदराला पुसले आणि बाबांचाच नंबर लावला. मोबाईल त्यांना खिशातून काढायला वेळ लागतो, उजव्या हाताने डाव्या खिशात चाचपावं लागतं. तिने वाजू दिला. वाजत राहिला. एकदा तिला वाटलं, ठेवून द्यावा.

“हं, बोल,” बाबा म्हणाले. मागे कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. “अगं, काही विसरलो का मी?”

“नाही,” आई म्हणाली. “तुम्ही काहीच विसरला नाहीत. थोरलीला सांगा, पुढच्या माणसाला आत जाऊ दे. आणि तुम्ही बाहेर या जरा. मला सांगायचंय ते लांबलचक आहे.”